किटल्यांनी मोजलेला प्रेक्षक

४ जुलै १९९०. इटलीतल्या तुरीन शहरात विश्वचषक फुटबॉलचा उपांत्य सामना चालू होता, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. नव्वद मिनिटे संपली, जादा वेळही संपला, तरी १-१ ही बरोबरी काही सुटेना. मग पेनल्टी. स्टुअर्ट पिअर्सचा फटका जर्मन गोलरक्षकाला लागून परत आला आणि ख्रिस वॉडलने मारलेला चेंडू आडव्या दांडीवरून उंच निघून गेला. इंग्लंड हरले. ब्रिटनमध्ये तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. अडीच तास जागचे न हललेले लोक उठले, स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी चहासाठी विजेच्या किटलीचे बटण दाबले.

बघता बघता ब्रिटनच्या वीजजाळ्यावरची मागणी २,८०० मेगावॉटने वाढली. आपल्या कोयना प्रकल्पाचे सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉटच्या आसपास आहे. म्हणजे जवळजवळ दीड कोयना, आणि तीही एका सामन्याच्या शेवटच्या शिट्टीसरशी.

ब्रिटनमधली किटली अडीच ते तीन किलोवॉटची असते. सगळा भार किटल्यांचाच धरला तर हा आकडा साडेनऊ ते अकरा लाख किटल्यांचा होतो. प्रत्यक्षात त्यात दिवे होते, फ्रिजची उघडझाप होती, आणि लाखो लोक एकाच वेळी शौचालयात गेल्यामुळे पाणी चढवणारे पंपही होते. सामना पाहिला होता सुमारे अडीच कोटी लोकांनी. ढोबळमानाने दर पंचवीस प्रेक्षकांमागे एक किटली.

आता या वाक्यातला ‘अडीच कोटी’ हा आकडा कुठून आला? तो कुणी मोजला?

खरे तर कुणीच मोजला नाही. नाटकाची तिकिटे मोजता येतात, वर्तमानपत्राचा खप मोजता येतो. प्रक्षेपणाचे तसे नाही. मनोऱ्यावरून लहरी निघाल्या की त्या किती अँटेनांनी टिपल्या हे मनोऱ्याला कळायला काही मार्ग नाही. म्हणून प्रेक्षकसंख्या हा पहिल्या दिवसापासून अंदाजच आहे. तो किती चांगला करता येतो, हे मात्र विज्ञान आहे.

बीबीसीने १९३६ मध्ये रॉबर्ट सिल्वी यांच्या हाताखाली श्रोत्यांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे रोज लोकांना गाठून ‘काल काय ऐकलंत, काय पाहिलंत’ असे विचारण्याची पद्धत रुजवली. २२ सप्टेंबर १९५५ ला आयटीव्ही सुरू झाली. ती जाहिरातींवर चालणारी वाहिनी. जाहिरातदाराला आठवणींवर भागत नाही, त्यामुळे तिकडे टीव्ही संचाला मीटर जोडून मोजणी होऊ लागली. मीटर सांगे संच चालू होता की नाही, पण समोर माणूस होते की रिकामी खुर्ची, हे त्याला कळत नसे. मुलाखतीत माणूस सापडे, पण त्याची आठवण कच्ची. साहजिकच दोन्हींचे आकडे जुळत नसत आणि एकाच संध्याकाळी दोन्ही बाजू स्वतःला पुढे समजू शकत. हा गोंधळ मिटवायला १९८१ मध्ये दोघांनी मिळून ‘ब्रॉडकास्टर्स ऑडियन्स रिसर्च बोर्ड’ उभारले. त्याला सगळे ‘बार्ब’ म्हणतात.

बार्बने निवडलेल्या घरात टीव्हीजवळ एक यंत्र असते आणि रिमोटसारखा एक हँडसेट. घरातल्या प्रत्येकाचे त्यावर स्वतंत्र बटण. आजी खोलीत आली की आपले बटण दाबणार, उठून गेली की पुन्हा दाबणार. पाहुणे आले तर त्यांच्यासाठीही बटणे आहेत, फक्त पाहुण्याचे वय आणि तो बाई की पुरुष एवढे सांगावे लागते. कोणता कार्यक्रम चालू आहे हे यंत्र आवाजावरून ओळखते. ते आवाजाचे छोटे नमुने घेते, त्यांचा जणू बोटांचा ठसा तयार करते आणि वाहिन्यांच्या साठवलेल्या ठशांशी तो जुळवला जातो. रात्री सगळ्या घरांची माहिती गोळा होते आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास आदल्या दिवसाचे आकडे वाहिन्यांच्या टेबलावर असतात. आपल्याकडे टीआरपी म्हणजे टक्केवारी किंवा गुण, तर तिकडे थेट माणसांचा आकडा बोलला जातो. ‘काल अमुक मालिकेला साठ लाख.’

हे सगळे किती घरांवरून? अनेक वर्षे पाच हजारांहून थोडी जास्त घरे आणि त्यांत बारा हजारांच्या आसपास माणसे. अलीकडे घरांची संख्या सात हजारांकडे नेली गेली. ब्रिटनची चार वर्षांवरील लोकसंख्या साडेसहा कोटींच्या घरात. म्हणजे बारा हजारांतला एकेक माणूस पाच हजारांहून जास्त लोकांच्या वतीने बटण दाबतो.

हे ऐकले की बहुतेकांना फसवणूक वाटते. पण आपण शितावरून भाताची परीक्षा करतोच, आणि भात दहा माणसांचा असो की हजारांचा, शिते तेवढीच लागतात. पंगतीचा भात म्हणून पसाभर शिते कुणी चेपून बघत नाही. नमुन्याची अचूकता नमुना केवढा यावर ठरते, पातेले केवढे यावर जवळपास ठरतच नाही. अट एवढीच की शिते फक्त वरची नकोत, तळाचीही हवीत. त्यासाठी बार्ब दरवर्षी हजारो घरांची वेगळी पाहणी करते. कुठल्या भागात किती माणसांची घरे आहेत, वये काय, घरात कोणती उपकरणे आहेत हे पाहून पॅनेलचे, म्हणजे निवडलेल्या घरांच्या गटाचे, प्रमाण देशाशी जुळवले जाते.

थोडे गणित करून पाहू. देशातल्या दहा टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे ६४ लाखांनी, एखादा कार्यक्रम पाहिला असे बारा हजारांच्या नमुन्यावरून दिसले, तर संख्याशास्त्राच्या साध्या सूत्राने त्यात साधारण साडेतीन लाख इकडे-तिकडे होऊ शकतात. हे चांगलेच म्हणायचे. पण छोट्या वाहिनीवरचा कार्यक्रम घ्या, तो हजारात एकानेच पाहिलेला. मग पॅनेलमधली माणसे उरतात बारा. त्यांच्यावरून ६४ हजार हा आकडा येतो आणि त्यात चूक छत्तीस हजारांची असू शकते. बारापैकी चौघे त्या दिवशी लग्नाला गेले की वाहिनीचा प्रेक्षक एका रात्रीत एक तृतीयांशाने घटला. लहान आकड्यांच्या चढउतारांवर तावातावाने लिहिणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावे असे मला मनापासून वाटते.

शिवाय ही चूक मी कमीच धरली आहे. सूत्र गृहीत धरते की बारा हजार माणसे बारा हजार वेगवेगळे निर्णय घेतात. पण एका घरात चौघे एकाच सोफ्यावर बसतात. तिथे माणसे चार असली तरी निर्णय बहुधा एकच, तोही रिमोट ज्याच्या हातात त्याचा. त्यामुळे नमुना कागदावर दिसतो त्याहून प्रत्यक्षात लहान असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, किटल्यांकडे परत गेल्यावर तिचा उपयोग आहे.

पॅनेलमधली घरे कोणती, हे गुप्त ठेवावे लागते, कारण एका घराला गाठले की पाच-दहा हजार प्रेक्षक हातात येतात. मुंबईतल्या २०२० च्या टीआरपी प्रकरणानंतर भारतात वृत्तवाहिन्यांचे आकडे २०२२ च्या मार्चपर्यंत बंद राहिले, ते वाचकांना आठवत असेल. त्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

आकड्याचा अर्थ काय, हा आणखी वेगळा प्रश्न. छापून येतो तो सहसा सरासरी प्रेक्षक, म्हणजे प्रत्येक मिनिटाला किती जण होते त्याची सरासरी. दहा जणांनी तासाचा कार्यक्रम पूर्ण पाहिला काय किंवा साठ जणांनी दहा-दहा मिनिटे डोकावले काय, सरासरी दहाच. बीबीसीच्या ‘ईस्टएंडर्स’ मालिकेचा १९८६ च्या नाताळातला भाग बघा. डेनने बायकोच्या, अँजीच्या, हातात घटस्फोटाची कागदपत्रे ठेवली तो. त्याला ३ कोटी १ लाखाहून जास्त प्रेक्षक मिळाले असे आजही सांगितले जाते, म्हणजे निम्म्याहून जास्त देश. पण त्या आकड्यात गुरुवारचा मूळ भाग आणि रविवारी सलग दाखवलेले पुनःप्रक्षेपण या दोन्हींची बेरीज आहे. दोन्ही वेळा पाहणारा माणूस दोनदा मोजला गेला. आकडा खोटा नाही, पण त्याच्या शेजारी एकाच रात्रीच्या सामन्याचा आकडा ठेवणे बरोबर नाही.

याच मालिकेने वेळेचे महत्त्वही दाखवले. १९८५ च्या फेब्रुवारीत ती संध्याकाळी सातला सुरू झाली, तेव्हा समोर आयटीव्हीवर ‘एमरडेल फार्म’ होती. बीबीसी वन वाहिनीचे तेव्हाचे प्रमुख मायकेल ग्रेड यांनी सप्टेंबरपासून तिला साडेसातला हलवले आणि मालिका वर चढली. तीच पात्रे, तीच गोष्ट, फरक अर्ध्या तासाचा. कार्यक्रमांची आखणी करणाऱ्यांची हत्यारे माणसाच्या सवयींवर बेतलेली असतात. लोकप्रिय कार्यक्रम संपला की बरेच लोक तिथेच बसून राहतात, म्हणून नवा कार्यक्रम दोन गाजलेल्यांच्या मध्ये बांधायचा, दोन खांबांमध्ये झोळी बांधावी तसा. १९५७ पर्यंत तर ब्रिटनमध्ये संध्याकाळी सहा ते सात टीव्हीच बंद असे, आईबापांना लहान मुलांना झोपवता यावे म्हणून. जाहिरातींचा तासभर बुडतो म्हणून आयटीव्हीचा त्याला विरोध होता आणि १९५७ च्या फेब्रुवारीत तो नियम गेला.

वेळापत्रक करणारा माणूस करतो काय, तर लाखो घरांची घड्याळे एकत्र लावतो. आणि इथे आपण पुन्हा स्वयंपाकघरात येतो.

एरवीही ब्रिटनमध्ये दर क्षणी हजारो किटल्या उकळत असतात. पण कुणाची आत्ता, कुणाची सात मिनिटांनी. एकाची बंद होते तेव्हा दुसऱ्याची लागते, बेरीज जवळपास स्थिर राहते. वीजजाळे या स्थिरतेवरच उभे असते. मला या विषयातले सगळ्यात सुंदर वाटते ते हेच: बारा हजार माणसांवरून देश कळतो तो ज्या गणिताने, त्याच गणितावर वीजवाल्यांचा भरवसा आहे. दोघांचीही अट एकच, की एकाचे करणे दुसऱ्यावर अवलंबून नसावे. सोफ्यावरचे चौघे ती अट थोडी मोडतात. पेनल्टी चुकते तेव्हा ती देशभर मोडते.

वीज साठवून ठेवून हवी तेव्हा चटकन देणे त्या काळी सोपे नव्हते. ब्रिटनमधली सगळी मोठी जनित्रे एका तालात फिरतात, सेकंदाला पन्नास आवर्तने. डबलसीट सायकलवर मागे कुणी अचानक उडी मारून बसले की पायडल जड होते आणि वेग पडतो, तसेच मागणी एकदम वाढली की जनित्रे मंदावतात आणि पन्नासचा आकडा खाली येऊ लागतो. नियमाने त्याला एक टक्क्याच्या आत ठेवावे लागते. कोळशाची भट्टी काही सेकंदांत भडकवता येत नाही. म्हणून वेल्समध्ये एलिदिर फॉर या डोंगराच्या पोटात, पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीजागी, डिनॉर्विगचे केंद्र बांधले आणि १९८४ मध्ये ते सुरू झाले. वर एक तलाव, खाली एक. रात्री वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचे, गरज पडली की खाली सोडायचे. टर्बाइन हवेत आधीच फिरती ठेवलेली असली, तर शून्यापासून १,३२० मेगावॉटपर्यंत जायला बारा सेकंद लागतात. भंडारदऱ्याजवळचा आपला २५० मेगावॉटचा घाटघर प्रकल्प याच तत्त्वाचा, पाणी घाटमाथ्यावरून कोकणात सोडणारा.

तरीही झडप कधी उघडायची हे कळायला हवे. म्हणून वीज नियंत्रण कक्षात हवामानाच्या अंदाजाशेजारी टीव्हीचे वेळापत्रक असे, आणि मोठ्या रात्री खुद्द टीव्हीही, कारण श्रेयनामावली मिनिटभर उशिरा आली तरी फरक पडतो. ५ एप्रिल २००१ ला ‘ईस्टएंडर्स’मध्ये फिलला गोळी कुणी घातली याचा उलगडा होणार होता, तर त्यासाठी लिव्हरपूल-बार्सिलोना सामनाच पंधरा मिनिटे उशिरा सुरू केला गेला. भाग संपल्यावर मागणी २,२९० मेगावॉटने वर गेली. आपणही ५ एप्रिललाच, २०२० मध्ये, रात्री नऊला नऊ मिनिटे दिवे घालवले, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने खाली आली आणि ती जलविद्युत केंद्रांनी सांभाळली. दिशा उलटी, शास्त्र तेच.

आता ही घड्याळे सुटी होत चालली आहेत. बार्बला आदल्या रात्रीच्या आकड्याशेजारी सात दिवसांचा आणि अठ्ठावीस दिवसांचा आकडा द्यावा लागतो, आणि २०२२ मध्ये तर नेटफ्लिक्ससारखी वेळापत्रकच नसलेली सेवा तिच्यात सामील झाली. २०२४ च्या नाताळात रात्री नऊला बीबीसीवर ‘गॅव्हिन अँड स्टेसी’चा शेवटचा भाग लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी आलेला आकडा होता १ कोटी २३ लाख. आठवड्यानंतर तो १ कोटी ९० लाखांच्या वर गेला. मधल्या पासष्ट लाखांहून अधिक लोकांनीही कार्यक्रम संपल्यावर चहा ठेवला असेल, पण कुणी दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणी रविवारी. त्यांच्यासाठी डिनॉर्विगची झडप उघडावी लागली नाही.