मर रोगाची बुरशी, डोळ्यातलं फूल आणि सायटेशनचे आकडे

कपाशी वेचताना वाळलेल्या बोंडाचं टोक डोळ्याला लागतं. केळीची सुकलेली पानं कापताना पातं फटकन डोळ्यावर बसतं, दादर (रब्बी ज्वारी) काढताना कुसळ उडतं. खान्देशात हे रोजचंच. माणूस डोळा चोळतो, पाणी मारतो आणि कामाला लागतो. चार-सहा दिवसांनी डोळा लालभडक होतो, उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर पांढुरका ठिपका दिसायला लागतो. मग मेडिकलमधून थेंब येतात. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, बरंही वाटतं, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. शेवटी लोक म्हणतात, डोळ्यात फूल पडलं.

ही बुरशी शेतकऱ्याच्या ओळखीतली आहे. हरभऱ्याचा मर आणि केळीचा पनामा मर ज्या फ्युजॅरियम कुळातल्या बुरशीमुळे येतो, त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रजाती डोळ्याच्या पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, जखम करतात. या जखमेला डॉक्टर व्रण म्हणतात. डॉक्टर पारपटल सुन्न करून ब्लेडच्या टोकाने जखमेची कड खरवडतात, तो कण काचपट्टीवर घेतात आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. पेशी विरघळतात, बुरशी विरघळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे थोड्याच वेळात दिसतात. या साध्या तपासणीवर पुढचे उपचार ठरतात.

पण थेंब कोणते द्यायचे? नाटामायसिन हे जुनं औषध, अमेरिकेत १९७८ मध्ये मान्यता मिळालेलं. व्होरिकोनाझोल नवं, त्यामुळे तेच सरस असेल असा अनेकांचा समज. अरविंद नेत्र रुग्णालयाचे डॉ. वेंकटेश प्रज्ञा आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या ३२३ रुग्णांवर दोन्हींची तुलना केली. निकाल २०१३ मध्ये छापून आला: जुनंच औषध सरस, आणि फ्युजॅरियममध्ये तर फरक ठळक. बुरशीजन्य व्रणावर पुढे लिहिणाऱ्यांना हा पेपर उद्धृत केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अशा प्रत्येक उल्लेखाला म्हणायचं सायटेशन.

सायटेशन मोजण्याची पद्धतशीर सुरुवात युजीन गारफिल्ड यांच्या १९६४ च्या सूचीपासून झाली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला: जितक्या पेपरना प्रत्येकी निदान तितकीच सायटेशन आहेत, असा सर्वांत मोठा आकडा. समजा एखाद्या नेत्रसंशोधकाच्या पाच पेपरना अनुक्रमे ९०, ४१, १२, ५ आणि ४ सायटेशन आहेत. निदान चार पेपरना प्रत्येकी चार किंवा जास्त आहेत, पण पाचही पेपरना पाच-पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. आता पहिल्या पेपरची सायटेशन ९० ऐवजी ९०० झाली तरी आकडा ४ च राहतो. एकाच गाजलेल्या पेपरने माणूस फुगू नये यासाठी हे ठीक, पण आयुष्यात एकच मोठं काम केलेला माणूस यात मार खातो.

वयाचंही तसंच. एच-इंडेक्स कधी कमी होत नाही, निवृत्तीनंतरही वाढतो. शिवाय कर्करोगावर लिहिणारे असंख्य, पारपटलाच्या बुरशीवर लिहिणारे मोजके. दोघांचे आकडे शेजारी ठेवून कोण मोठा हे ठरवणं म्हणजे कापसाचा उतारा क्विंटलमध्ये केळीच्या उताऱ्याशी ताडून पाहणं. तरी नेमणुकीच्या आणि बढतीच्या फॉर्मवर हा आकडा विचारला जातो, आणि आपले जुने पेपर आपणच उद्धृत करण्याचा उद्योगही चालतो.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट: सायटेशन सहमतीचं होतं की खोडून काढणारं, हे आकड्यात कळत नाही. नेपाळातल्या भक्तपूरचा २००१ चा अभ्यास घ्या. डॉ. मदन उपाध्याय आणि सहकाऱ्यांनी ३४,९०२ लोकवस्तीवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. डोळा खरचटलेल्यांना गावातल्याच कार्यकर्त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिलं. १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकाही रुग्णाला व्रण झाला नाही. निकाल सुंदर, पण मलम न दिलेला गट तुलनेला नव्हता. पुढे नेपाळमध्येच काही गावांत स्वयंसेवक नेमून आणि काही गावांत न नेमून मोठी चाचणी झाली, तेव्हा व्रणांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. आता जो या दोन्ही निष्कर्षांवर वाद घालतो, तो दोन्ही पेपर उद्धृत करतो. दोघांच्याही खात्यात एक-एक भर.

उलट, नाटामायसिन २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेलं, त्याला एच-इंडेक्समध्ये वेगळा रकाना नाही. म्हणून एखाद्या नेत्रशास्त्रज्ञाचं काम जोखायचं तर मी आधी त्याचे सर्वाधिक सायटेशन मिळालेले चार-पाच पेपर उघडून बघेन: त्यातले परीक्षणलेख (इतरांच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख) किती, स्वतः रुग्ण तपासून केलेलं काम किती? परीक्षणलेखांना सायटेशन भराभर मिळतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने दहा वर्षांतले १,३५२ बुरशीजन्य व्रण तपासून लिहिलं, तसं काम उभं राहायला दशक जातं.

खान्देशातल्या डोळ्यांतून कोणती बुरशी किती निघते, कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकात काम करणाऱ्यांमध्ये, हे कुणी नीट मोजून छापलं तर त्या पेपरला बाहेर फारसं कुणी विचारणार नाही. चोपड्याच्या डॉक्टरला मात्र प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी पहिला थेंब कोणता द्यायचा, हे त्यावरून ठरवता येईल.