सशाचे लंगडणे

पाळीव ससा एखाद्या पायावर भार देईनासा होतो, उडी अर्धवट सोडतो किंवा मागचा भाग फरफटत नेतो, तेव्हा तो लंगडतो असे म्हणतात. लंगडणे हे लक्षण आहे. त्यामागे मोडलेले हाड असेल, तळपायाची जखम असेल, नाहीतर पायाशी संबंधच नसलेला मेंदूचा आजार.

सशाच्या मागच्या पायांत अंगाच्या मानाने जबर ताकद असते, हाडे मात्र हलकी आणि ठिसूळ. मांजराच्या वजनात सांगाड्याचा वाटा १२-१३ टक्के असतो, सशाच्या वजनात जेमतेम ७-८. त्यामुळे ससा स्वतःच्याच लाथेने जायबंदी होऊ शकतो. पोटाखाली हात घालून त्याला उचलले, मागचे पाय लोंबकळत राहिले, की तो बिथरून पाय झाडतो आणि कमरेचा मणका मोडतो. कमरेच्या ७ मणक्यांपैकी बहुधा शेवटच्या दोहोंच्या आसपास. मग मागचे पाय लुळे पडतात, लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली हवाच. कान धरून उचलण्याची रीत तर निव्वळ क्रूर. नडगीचे हाड मोडते ते जाळीत पाऊल अडकून, वाढलेले नख गालिच्याच्या धाग्यात गुंतून, सोफ्यावरून पडून किंवा घरातल्या कुणाच्या पायाखाली येऊन.

सर्वांत दुर्लक्षित दुखणे तळपायाचे. कुत्र्या-मांजरांसारखी गादी सशाच्या पंजाला नसते. दाट केस हेच त्याचे पायताण. तारेची जाळी, उघडी फरशी, ओले अंथरूण, वाढलेले वजन आणि लांब नखे यांमुळे टाचेवरचे केस झिजतात. पाय उलटून पाहिला तर आधी गुळगुळीत गुलाबी टक्कल दिसते, पुढे लाली, मग खपली आणि शेवटी हाडापर्यंत जाणारा पू. रेक्स जातीच्या सशांच्या तळपायाचे केस आखूड आणि विरळ, त्यांना हा त्रास अधिक. फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्सवर ससा घसरतोही आणि टाचही घासतो. वर गवत पसरलेली, रोज बदलली जाणारी जाड चटई महागड्या पिंजऱ्यापेक्षा उपयोगी.

मागचे पाय हळूहळू अशक्त होत असतील, सोबत मान तिरकी झाली असेल, तर एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली या सूक्ष्म परजीवीचा संशय घेतात. तो बाधित सशाच्या लघवीतून पसरतो, मेंदू आणि मूत्रपिंडांना बाधतो. त्यावर फेनबेंडाझोल हे जंतनाशक सहसा २८ दिवस देतात. म्हाताऱ्या सशांत सांधेदुखी असते. काही पिल्लांचे पाय जन्मापासूनच बाजूला फाकलेले असतात.

ससा हा शिकार होणारा प्राणी, दुखणे लपवणे त्याच्या अंगातच आहे. म्हणून पायाइतकेच लक्ष ताटलीकडे आणि लेंड्यांकडे द्यावे. लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, बारा तासांत त्याने काही खाल्ले नाही, तर आतडे मंदावते आणि हे मोडलेल्या पायापेक्षा लवकर जिवावर बेतते. घरी खपच्या बांधू नयेत. ससा मऊ अंथरलेल्या खोक्यात निवांत ठेवून डॉक्टरांकडे न्यावा. वेदनाशामक म्हणून ते बहुधा मेलॉक्सिकॅम देतात. माणसांच्या औषधांच्या डब्यातले अ‍ॅमॉक्सिसिलिन मात्र पोटातून कधीच देऊ नये. आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरून ससा दगावू शकतो. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवण्याचा आपला नियम त्याला लावत नाहीत.

हाड सळई-स्क्रूने जोडता येते. तुकडे फार झाले तर पाय कापावा लागतो, आणि मागचा एक पाय गेलेले ससे बऱ्यापैकी बागडतात. पण सगळा भार उरलेल्या टाचेवर येतो, तिथले केस आठवड्यातून एकदा तरी तपासावे लागतात. गेलेल्या पायाच्या बाजूचा कान सशाला स्वतः खाजवता येत नाही, त्यात मळ साचतो. खाज सुटली की खुंट हलताना दिसतो, तेव्हा तो कान आपणच साफ करून द्यायचा.