विकीवरील समकालिक सहसंपादन

विकीवरील समकालिक सहसंपादन म्हणजे एकाच विकी-पानावर अनेक सदस्यांनी एकाच वेळी लिहिणे आणि प्रत्येकाचा बदल ‘जतन करा’ दाबण्याआधीच इतरांच्या पडद्यावर उमटणे. गूगल डॉक्समुळे ही सोय शाळकरी मुलांच्याही अंगवळणी पडली आहे. विकी सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती बहुतेक ठिकाणी प्रायोगिक विस्तार म्हणूनच राहिली. अनेकांची अक्षरे जुळवून घेण्याचे गणित १९८९ मध्येच मांडले गेले होते, त्यामुळे दोष त्या गणिताला देता येत नाही. अडते ते विकीच्या घडणीपाशी. विकीवरचा लेख जतन केलेल्या आवृत्त्यांनी वाढतो आणि प्रत्येक आवृत्तीच्या पुढे एकाच सदस्याचे नाव लागते.

संपादनांची टक्कर

वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी खुला केला. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, त्याचीही मूळ रीत तीच आहे. सदस्य पान उघडतो, त्याची प्रत त्याच्या ब्राउझरमध्ये येते, तो आपल्या सवडीने लिहितो आणि जतन करतो. मधल्या काळात दुसऱ्या कोणी तेच पान बदलले, तर पहिल्याला ते कळत नाही.

एरवी मराठी विकीवर याचा त्रास फारसा होत नाही, कारण एका लेखावर एका वेळी दोन माणसे सापडणेच विरळा. पण काही दिवस वेगळे असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. सोबत त्या वर्षीच्या घडामोडींना टोमणे मारणारे बडगे नावाचे पुतळे असतात. त्या दुपारी मारबतीच्या लेखात एक जण यंदाच्या बडग्यांची माहिती घालतो आहे आणि दुसरा त्याच परिच्छेदातले शुद्धलेखन सुधारतो आहे, असे समजा. मीडियाविकी अशा वेळी तीन मजकूर शेजारी ठेवून पाहतो: दोघांनी सुरुवात केली तेव्हाचा, आधी जतन झालेला आणि आता येऊ पाहणारा. बदल वेगवेगळ्या परिच्छेदांत असतील तर तो ते मुकाट्याने एकत्र करतो. एकाच परिच्छेदात असतील तर हात वर करतो आणि मागाहून आलेल्याला दोन्ही मजकूर दाखवून ‘आता तुम्हीच जुळवा’ म्हणतो.

ही तुलना ओळीनुसार होते आणि विकीमजकुरात, म्हणजे विकीच्या खुणांसह लिहिलेल्या मूळ मजकुरात, अख्खा परिच्छेद ही एकच ओळ असते. म्हणून पहिल्या वाक्यातला स्वल्पविराम आणि शेवटच्या वाक्यातली वेलांटी यांचीही टक्कर होते. कार्यशाळेत पहिल्यांदाच लिहिणारी व्यक्ती हा पडदा पाहून बहुधा पान बंद करते, आणि तिचे लिखाण गेले ते गेलेच.

काही विकी ही वेळच येऊ देत नाहीत. डोकुविकी पान संपादनासाठी उघडताच त्याला कुलूप लावतो. मूळ मांडणीत ते पंधरा मिनिटांचे असते. विकिपीडियावर कुलपाऐवजी शिष्टाचार आहे: लेखाच्या माथ्यावर काम चालू असल्याचा साचा, म्हणजे तयार पाटी, लावायचा आणि इतरांनी तोवर थांबायचे. पाटी लावून काढायला विसरणारेही असतातच.

पूर्वपीठिका

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दिलेल्या प्रात्यक्षिकात दूरच्या दोन ठिकाणच्या माणसांनी एकाच पडद्यावर काम करून दाखवले होते. त्याला शास्त्रीय बैठक १९८९ मध्ये एलिस आणि गिब्स यांच्या ग्रोव्ह या संपादन-सॉफ्टवेअरने दिली. सर्वसामान्यांपर्यंत ही सोय पोहोचायला आणखी वीसेक वर्षे गेली. २००८ मध्ये ईथरपॅड हे ब्राउझरमध्ये चालणारे सहलेखनाचे साधन आले, पुढच्याच वर्षी ते गूगलने विकत घेतले आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला. तो कोड खुला झाला नसता तर विकीवाल्यांच्या हाती प्रयोगाला काही लागले असते की नाही, शंकाच आहे.

जुळणी कशी होते

ग्रोव्हने रूढ केलेल्या पद्धतीला क्रिया-रूपांतर म्हणता येईल. ‘अंबाझरी तलाव’ हा मजकूर घेऊ. संगणकाच्या हिशेबी यात १२ चिन्हे आहेत, कारण काना, मात्रा, अनुस्वार आणि मोकळी जागा ही सगळी स्वतंत्र मोजली जातात. एक सदस्य सुरुवातीला ‘जुना ’ हे शब्द आणि जागा मिळून ५ चिन्हे घालतो. त्याच क्षणी दुसरी सदस्य शेवटी, म्हणजे १२ चिन्हांनंतर, ‘ व उद्यान’ जोडते. तिची सूचना पहिल्याच्या संगणकावर जशीच्या तशी पोहोचली तर ती ‘अंबाझरी’ आणि ‘तलाव’ यांच्या मध्येच घुसेल. म्हणून ती तिथे लागू करण्याआधी १२ चे १७ केले जातात. प्रत्येक क्रिया तिच्या आधी घडून गेलेल्या, पण तिला ठाऊक नसलेल्या क्रियांच्या मानाने सरकवायची, एवढेच यातले सूत्र. ऐकायला सोपे, पण तीन-चार जण आणि अडखळते नेटवर्क आले की क्रियांच्या क्रमाचे इतके फाटे फुटतात, की व्यवहारात बहुतेक प्रणाली मध्ये एक सर्व्हर बसवून त्याचाच क्रम प्रमाण मानतात.

दुसरी पद्धत क्रमांकच टाळते. प्रत्येक चिन्हाला कायमची ओळख द्यायची, ते कोणत्या दोन चिन्हांच्या मध्ये आले ते नोंदवायचे, आणि खोडलेले चिन्हही लगेच फेकून न देता त्याची खूण ठेवायची. २००६ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी मांडलेली वूट ही पद्धत या जातीची. पुढे २०११ मध्ये अशा सर्व रचनांना सीआरडीटी (कॉन्फ्लिक्ट-फ्री रेप्लिकेटेड डेटा टाइप) हे सामाईक नाव मिळाले. यात मधला सर्व्हर सक्तीचा नसतो आणि नेटवर्क तुटले तरी लिहिता येते. किंमत मोजावी लागते ती संगणकाच्या स्मृतीत: एका वेलांटीसोबत तिची सगळी कुळकथा सांभाळावी लागते.

विकीतील प्रयोग

२०१२ च्या सुमारास ईथरएडिटर या विस्ताराने मीडियाविकीच्या संपादन-चौकटीत ईथरपॅड बसवून पाहिले. ते कच्च्या विकीमजकुरावर चालत असे आणि तिथेच त्याची मर्यादा होती. विकीमजकूर म्हणजे अक्षरांची नुसती रांग नव्हे. एकाने साचा सुरू करणारे महिरपी कंस टाकले आणि मिटवणारे अजून टाकायचे आहेत, तेवढ्या वेळात दुसऱ्याने झलक पाहिली तर साचा मोडलेला दिसतो. टिप्पणीची सुरुवातीची खूण टाकून कोणी चहाला गेले, तर झलकेत खालचा सगळा लेख गायब!

म्हणून पुढचा प्रयत्न रचना ओळखणाऱ्या दृश्य संपादकावर, व्हिज्युअल एडिटरवर झाला. तो मोठ्या प्रमाणावर २०१३ मध्ये विकिपीडियावर आला. त्याच्या सोबत कोलॅबपॅड नावाचे प्रायोगिक विशेष पान तयार झाले. इथे परिच्छेद, सारणी, साचा हे घटक म्हणून ओळखले जातात आणि बदल व्यवहारांच्या रूपात सर्व्हरकडे जातात. सर्व्हर ते आधीच्या व्यवहारांवर नव्याने बसवतो. दोन बदल एकमेकांशी जुळूच शकत नसतील तर मागाहून आलेला बदल नाकारला जातो. कोणत्याही टकरीतून काहीतरी एकत्र मजकूर काढायचाच, हा हट्ट सोडल्यामुळे अर्धी सारणी आणि लोंबकळता साचा उरत नाही. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

एक्सविकी या विकी सॉफ्टवेअरने स्वतःचे समकालिक संपादक लिहिले आणि त्याच कामातून पुढे क्रिप्टपॅड हे कूटबद्ध सहलेखनाचे साधन निघाले. कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या कॉन्फ्लुअन्सने २०१६ मध्ये, ६.० या आवृत्तीत, ही सोय मुख्य प्रवाहात आणली. कंपनीच्या आतल्या विकीत कोणी काय लिहिले याचा परवान्याशी संबंध नसतो आणि लिहिणारे सगळे पगारी ओळखीचे असतात. तिथे ती रुळण्याचे हेही एक कारण.

यजमानाच्या खिशाचाही प्रश्न आहे. मीडियाविकी पीएचपीत लिहिलेला आहे. पान मागितले, दिले, काम संपले. समकालिक संपादनाला मात्र प्रत्येक ब्राउझरशी सतत जोडलेली, न थांबणारी वेगळी प्रक्रिया लागते. नागपुरातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने स्वस्त सामाईक होस्टिंगवर आपला विकी चालवला, तर तिथे अशी प्रक्रिया चालवायची परवानगीच बहुधा नसते.

देवनागरीतील अडचणी

समकालिक संपादनाची हमी एवढीच असते, की सर्वांच्या पडद्यावर अखेरीस सारखाच मजकूर दिसेल. तो बरोबर असेल, ही हमी नसते. कोणीतरी ‘नागपुर’ असे लिहिले आहे. दोन दक्ष सदस्यांना ती चूक एकदमच दिसते. दोघेही ऱ्हस्व उकार खोडतात आणि दीर्घ उकार घालतात. खोडलेले चिन्ह एकच असल्यामुळे ते एकदाच जाते, पण घातलेली चिन्हे दोन असल्यामुळे दोन्ही राहतात, आणि ‘प’ला दोन दीर्घ उकार लागलेला शब्द सर्वांच्या पडद्यावर अगदी एकमताने उमटतो. वर सांगितलेल्या क्रिया-रूपांतर आणि सीआरडीटी या दोन्ही पद्धतींत हे घडते. रोमन लिपीतही अक्षर असेच दोनदा येऊ शकते. देवनागरीत मात्र सुटा उकार ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबतो किंवा एकावर एक चढून दिसेनासा होतो, आणि तो शोधून काढणे कठीण जाते.

टंकनपद्धतीही यात भर घालतात. इनस्क्रिप्ट या कळफलकात एका कळीला ठरलेले चिन्ह येते. पण मराठी विकिपीडियावर अनेक जण रोमन कळी दाबून उच्चारानुसार लिहितात, आणि त्या पद्धतीत नवी कळ दाबली की आधी उमटलेला भाग मागे जाऊन बदलला जातो. आधी ‘क्’, मग त्याचा ‘क’, मग ‘का’. नेमक्या त्याच ठिकाणी दुसऱ्याचे अक्षर येऊन पडले, तर मागे जाऊन बदलायचे ते नेमके काय, हे टंकनसाधनाला उमगत नाही.

‘वऱ्हाडी’ हा शब्द विदर्भातल्या लेखांत पदोपदी येतो. त्यातला ऱ्ह दोन प्रकारे लिहिता येतो: खास ऱ या चिन्हाने, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखेच, आणि युनिकोडचे सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. एकाच परिच्छेदात दोन सदस्य दोन पद्धतींनी लिहीत असले तर शोध अर्धेच शब्द पकडतो आणि आवृत्त्यांमधल्या फरकात डोळ्यांना न दिसणारे बदल ठळक होतात. हा दोष समकालिकतेने निर्माण केलेला नाही, पण तिने तो एका परिच्छेदात आणून ठेवला.

नाव, इतिहास आणि चावडी

विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, श्रेयनिर्देश बंधनकारक करणाऱ्या परवान्याखाली असतो, आणि श्रेय कोणाचे हे सांगायचे काम पानाचा इतिहास करतो. सहा जणांनी तासभर लिहून एकाने जतन केले तर इतिहासात एकच नाव उरते. ईथरपॅडला कोणते अक्षर कोणी लिहिले हे ठाऊक असते, तो प्रत्येकाला वेगळा रंगही देतो. विकीत आणताना ते सगळे पुसले जाते. संपादन सारांशात उरलेल्या पाच जणांची सदस्यनावे लिहिणे हा प्रचलित तोडगा. तो कामचलाऊ आहे, कारण सारांशातले नाव कोणाच्या योगदानांच्या यादीत जात नाही, आणि सहापैकी एकाने मजकूर कुठून उचलून चिकटवला असेल तर प्रताधिकारभंगाची विचारणा जतन करणाऱ्याच्याच चर्चापानावर होते.

मजकूर तपासणाऱ्या स्वयंचलित चाळण्या जतन करतानाच चालतात, गस्त घालणारे सदस्यही जतन झालेले बदलच पाहतात. न जतन झालेल्या सत्रात काय चालले आहे ते समाजाच्या नजरेआड राहते. वादाचे मुद्देही तिथे बाजूच्या गप्पांच्या चौकटीत मिटतात. ‘नाग नदीच्या प्रदूषणाचा परिच्छेद का वगळला?’ असे वर्षभराने कोणी विचारले, तर चर्चापानावर किंवा चावडीवर, म्हणजे विकीच्या सामाईक चर्चेच्या पानावर, दाखवायला काही नसते. माझ्या मते टकरीच्या त्रासापेक्षा हा तोटा मोठा आहे.

त्यामुळे कार्यशाळांसाठी सोयीचा मार्ग साधा आहे. मसुदा सामाईक पॅडवर किंवा धूळपाटीवर, म्हणजे विकीच्या सरावाच्या पानावर, एकत्र बसून करायचा, मग लेखाचे विभाग वाटून घ्यायचे आणि ज्याने जो विभाग लिहिला त्याने तो स्वतःच्या खात्यातून जतन करायचा. मीडियाविकीत विभागापुढच्या ‘संपादन’ दुव्याने तेवढाच भाग उघडतो. एक जण इतिहासाच्या विभागात आणि दुसरी भूगोलाच्या विभागात असेल, तर टक्कर क्वचितच होते.