केसाला खवले असतात, ते जपा

कंगव्यात अडकलेला एक लांब केस घ्या, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत धरा आणि केसाच्या लांबीच्या दिशेनं बोटं पुढं-मागं चोळत राहा. थोड्या वेळात केस एका बाजूला सरकायला लागतो आणि कितीही चोळा, सरकतो त्याच बाजूला. ती मुळाकडची बाजू. दरवर्षी सातवीच्या पोरींना वर्गात मी हा प्रयोग करायला लावते, आणि दरवर्षी कोणतरी ओरडतंच, "बाई, केस चालालाय!"

केस का चालतो ते समजलं की घरातल्या अर्ध्या सवयींचा निकाल आपला आपणच लावता येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात अजून बऱ्याच घरांवर कौलं आहेत. आढ्यापासून वळचणीपर्यंत एकावर एक कौल चढवलेलं, प्रत्येकाची मोकळी कड खालच्या बाजूला. केसावर अगदी तशीच रचना आहे. केराटिन नावाच्या प्रोटीनचे पातळ खवले, साधारण ६ ते १० थर एकावर एक, मोकळी कड केसाच्या टोकाकडं. मूळ म्हणजे आढं आणि टोक म्हणजे वळचण. आढ्याकडून हात फिरवला तर गुळगुळीत लागतो, वळचणीकडून वर फिरवला तर कौलं उचकटतात. चिमटीत केस एकाच दिशेला जातो तो या कडांमुळं, बोटं एका बाजूला घसरतात आणि दुसऱ्या बाजूला अडकतात. बरं, अख्खा केसच ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड, म्हणजे हे खवले किती नाजूक असतील विचार करा.

आणि महत्त्वाचं म्हणजे कातडीच्या बाहेर आलेला केस जिवंत नसतो. म्हणूनच कापताना दुखत नाही, रक्त येत नाही. जिवंत असतं ते कातडीच्या आतलं मूळ. हाताला खरचटलं तर चार दिवसांत भरून येतं, खरं केसाचा खवला एकदा निघाला की कुठल्याही तेलानं, क्रीमनं तो परत उगवत नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ६० सेंटिमीटर लांब केसाचं टोक ५ वर्षांचं जुनं असतं, ५ पावसाळे, ५ उन्हाळे, हजारो वेळचं विंचरणं सगळं सोसून आलेलं. टोकं फाटतात त्यात नवल नाही. फाटलेलं टोक जोडणारी बाटली कोण विकत असेल तर समजून घ्या, ती तात्पुरतं चिकटवते, पुढच्या न्हाण्याला परत फाटतं, कात्रीनं अर्धा इंच कापून टाकलेलं बरं.

आता आमच्याकडचा जून-जुलै बघा. खानापूर, कणकुंबी, जांबोटी या पट्ट्यात पाऊस लागला की दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. सकाळी साडेसहाला पोरगी डोक्यावरून न्हाऊन येते, आठची बस गाठायची असते, मग आई ओल्या केसांतूनच बारीक फणी ओढते, कचाकचा दोन वेण्या घालते, रिबिनीनं वर दुमडून बांधते, आणि त्या वेण्या संध्याकाळपर्यंत आत ओल्याच. मीपण माझ्या लेकीच्या अशाच घालत होते, आईनं माझ्या घातल्या तशा.

ओला केस वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पितो, फुगतो, त्याच्या आतले प्रोटीनचे धागे ज्या बंधांनी धरलेले असतात त्यातले बरेच पाण्यानं सुटतात, म्हणून ओला केस रबरासारखा ताणला जातो. ताणून सोडला तर परत येतो, खरं जास्त ताणला की आतून कायमचा कमजोर होतो. फुगल्यामुळं वरची कौलंपण उचललेली असतात, त्यावरून बारीक फणी म्हणजे घरावरून वानरांचा कळपच गेला म्हणायचा. म्हणून न्हाल्यावर जुना मऊ सुती पंचा किंवा आईचं जुनं लुगडं घ्या, केस दाबून पाणी टिपा, टॉवेलनं खसाखसा चोळू नका, झटकू तर अजिबात नका. थोडं सुकल्यावर रुंद दातांचा कंगवा, आधी टोकाकडचा गुंता सोडवायचा, मग मधला, मग वरचा. वरून सुरू केलं की सगळा गुंता खाली ढकलला जातो आणि तिथं घट्ट गाठ बसते. कुरळे केस मात्र कोरडे विंचरले की जास्त तुटतात, ते ओले असताना कंडिशनर लावून बोटांनी सोडवलेले चांगले. पावसाळ्यात शाळेच्या दिवशी न्हायलाच लावू नका, आदल्या संध्याकाळी न्हाऊ दे आणि केस पंख्याखाली मोकळे सुकू दे. हेअर ड्रायर असेल तर एक वीत लांब धरून कोमट हवेवर, जास्त गरम केला तर केसातलं पाणी आतल्या आत उकळून बुडबुडे होतात आणि केस तिथंच तुटतो.

वेणी घट्टपण नको. कपाळाची कातडी ताणली जाईल असे केस वर्षानुवर्षं ओढून बांधले की कानशिलापाशी ते विरळ होत जातात, आणि फार वर्षं चाललं तर तिथलं मूळच मरतं, मग येत नाहीत.

विंचरणं थांबलं की काय होतं तेपण बोललं पाहिजे, कारण आपल्या भागात तो विषय नुसता केसांचा नाही. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटून बारक्या पोराला बसेल एवढा होतो ना, ते का होतं, तर मेंढीच्या केसालापण असेच खवले असतात, चोळलं की प्रत्येक केस मुळाच्या दिशेनं सरकत सरकत दुसऱ्यात घुसतो आणि मग परत मागं येत नाही. माणसाच्या डोक्यावर हेच घडलं की त्याला आपण जट म्हणतो. आजारपण, बाळंतपण, मनाचा आजार, काहीतरी कारणानं चार-सहा आठवडे विंचरणं बंद, त्यात घाम, तेल, धूळ, उवा, अंथरुणावरचं घासणं, झाली जट. देवीचं बोलावणं त्यात नाही. यल्लम्मा देवीचं सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात आहे, तिच्यावर माझ्या घरच्यांचीपण श्रद्धा आहे आणि ती मला मोडायची नाही, खरं जट आली म्हणून किती पोरींना देवीला सोडलं गेलं, हे या भागातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं देवदासी सोडणं गुन्हा ठरलं. तरी जट कापली तर घरावर संकट येईल ही भीती अजून आहे, आणि बाई मानेचं दुखणं, डोक्यातल्या जखमा, उवा सगळं सोसत बसते. नवी, बारकी जट तेल लावून हातांनी, दोन-तीन दिवस चिकाटीनं बसलं तर सुटते. जुनी असेल तर कात्री. मेलेल्या केसाची गाठ आहे ती, कापल्यावर डोकं हलकं होतं एवढंच.

पाण्याचं बघू. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं ते ठीक, खरं गावाकडं बऱ्याच ठिकाणी बोअर, आणि बोअरचं पाणी कित्येकदा सवळ असतं. ओळखायचं कसं? डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बंबाच्या तळाला पांढरी खपली धरते. या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, अंगाच्या साबणाशी त्याचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो, तो केसांवर बसतो आणि केस राठ, चिकट लागतात. शिवाय साबण अल्कलीचा, त्यानं खवले उघडतात. त्यामुळं सवळ पाण्याच्या गावात डोक्याला वडी लावूच नका, एक रुपयाची शाम्पूची पुडीपण त्यापेक्षा बरी, शाम्पूचा असा साका होत नाही. शिकेकाई, रिठा चांगलेच, त्यातलं सॅपोनिन मळ काढतं, फक्त पूड वस्त्रगाळ करून घ्या, खरबरीत पूड केसांवर घासणं म्हणजे पॉलिश पेपर, आणि रिठा डोळ्यात जाऊ देऊ नका. शेवटच्या दोन तांब्यांत अर्धं लिंबू पिळून, गाळून ओतलं की आंबटपणानं खवले मिटतात. डोक्यात खाजवून जखमा असतील तर हे नको, झोंबतं.

तेलावरून घराघरात भांडणं आहेत. आमच्या आत्ती म्हणायच्या, "तेल नाही लावलंस तर केसं कशी वाढतील गं?" मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही, खरं तेलानं केस वाढत नाहीत. तेलाचं काम वेगळं आहे आणि ते काम खोबरेल फार चांगलं करतं. २००३ मध्ये मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना-विंचरताना केसातलं जे प्रोटीन निघून जातं ते फक्त खोबरेलानं कमी झालं. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच हे वाचायचं, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलातल्या लॉरिक ॲसिडचे रेणू आखूड आणि सरळ असतात, ते खवल्यांच्या फटीतून आत जातात, मग केस पाणी कमी पितो आणि कमी फुगतो. म्हणजे तेल लावायचं न्हाण्याच्या आधी, तासभर किंवा रात्री, आणि मुळापेक्षा केसांच्या लांबीला. न्हाल्यावर लगेच थापून धुळीत गेलं तर धूळ चिकटणारच, अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. एरंडेल जपून, ते फार दाट असतं, डोक्यावर थापून चोळून धुतल्यावर केसांचा सुटेल न असा गोळा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय.

कोंडा झाला की मात्र तेल बंद. मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक बारीक बुरशी, सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि डोक्यातल्या तेलावरच जगते, कोंडा झालेल्या डोक्याला तेल म्हणजे तिला जेवण वाढणं. किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, लावून ३ ते ५ मिनिटं ठेवून मग धुवायचा, लोक लावतात आणि लगेच धुतात म्हणून गुण येत नाही. उवांना रॉकेल तर कधीच नको, कातडी भाजते आणि चूल जवळ असली तर जीवावर बेततं. उवा उडत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, औषध लावल्यावर ७ ते १० दिवसांनी परत लावावं लागतं, कारण लिखांतून तेवढ्यात नव्या उवा निघतात. काळ्या मेंदीत बहुतेक वेळा पीपीडी नावाचा डाय असतो, काहींना त्याची ॲलर्जी होते, म्हणून आधी कानामागं थोडी लावून ४८ तास थांबा.

हे सगळं बाहेरच्या केसाचं झालं. मूळ जिवंत असतं, त्याला रक्तातूनच खायला मिळतं. गेल्या वर्षी माझ्या लेकीला टायफॉइड झाला, बरी झाली, आणि दोन-अडीच महिन्यांनी एके सकाळी कंगव्यात मूठभर केस. रोज गुंतवळ वाढत गेली. घरात सगळे तेल बदला म्हणायला लागले, शेजारच्या कन्नड अक्कांनी जास्वंदीचं तेल आणून दिलं. रोज ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात, डोक्यावर साधारण १ लाख असतात त्यामुळं कळत नाही. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण असा धक्का बसला की वाढणारे बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि विश्रांती साधारण ३ महिन्यांची असते, ती संपली की सगळे एकदम गळतात. म्हणून ताप जूनमध्ये आणि केस सप्टेंबरमध्ये. आमच्याकडच्या बायका म्हणतात, बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात. बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की हसतं, तीन महिन्यांचं झालं की आईला बघून खिदळतं, आणि आईचे केस गळतात तेपण त्याच सुमाराला. निरीक्षण बरोबर आहे बायकांचं, फक्त दोष बाळाचा नाही.

असं गळणं बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबतं. थांबलं नाही तर तेलाच्या दुकानात जाऊ नका, रक्त तपासा, हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आढळला. भाकरी, हुलग्याची आमटी, पालेभाजी जेवायची आणि वर लगेच चहा, मग लोह अंगी लागत नाही, चहा तासाभरानं घ्या आणि जेवणात लिंबू पिळा. बायोटिन नावाच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या ज्यांना कमतरता आहे त्यांनाच उपयोगी, आणि ती कमतरता फार कमी जणांना असते, शिवाय त्या गोळ्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, घेत असाल तर डॉक्टरला सांगा. चाई पडल्यासारखं गोल टक्कल, पू किंवा भांग रुंदावत चाललेला असेल तर कातडीच्या डॉक्टरकडं जाच.

लेकीचं केस गळणं दिवाळीनंतर कमी झालं. मग कपाळावर बारीक बारीक केस उभे राहायला लागले, ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, आता केस तुटालेत बघ की." कट्ट्यावर उन्हात बसवलं, एक बारका केस पांढऱ्या कागदासमोर धरला आणि भिंग लावलं. तुटलेल्या केसाचं टोक बोथट असतं, झाडूच्या काडीसारखं. हिच्या केसाचं टोक सुईसारखं निमुळतं होतं. पहिल्यांदाच बाहेर येणाऱ्या केसाचं असतं तसं.