लंडनमधील जुने पब आणि चहाची दुकाने

पब म्हणजे ‘पब्लिक हाउस’, सर्वांना खुले असलेले मद्यगृह. लंडनमध्ये सतराव्या शतकापासूनचे काही पब आणि चहाचे किमान एक नामांकित दुकान आजही गिऱ्हाइकांनी भरलेले असते. वास्तू पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. ग्लासभर बिअर घ्यावी आणि हवा तितका वेळ बसावे.

थेम्सच्या दक्षिण काठावर, साउथवर्कमध्ये ‘जॉर्ज इन’ आहे. १६७६ च्या आगीनंतर पुढच्याच वर्षी ही सराई पुन्हा बांधली गेली. घोडागाड्या अंगणात येत आणि प्रवासी वरच्या लाकडी सज्जांतून आपापल्या खोल्यांत जात. १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने तिचा मोठा भाग पाडला. उरलेली एक बाजू १९३७ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे आहे. असे सज्जे असलेली गाडीतळाची सराई लंडनमध्ये ही एकच उरली.

फ्लीट स्ट्रीटजवळच्या बोळातला ‘ये ओल्ड चेशर चीज’ १६६७ चा, म्हणजे लंडनच्या १६६६ च्या महाआगीनंतर लगेचचा. आत ऊन जेमतेम पोचते. लाकूड काळवंडलेले, जिने अरुंद, तळघरे एकाखाली एक. दारावरच्या पाटीवर या पबने पाहिलेल्या राजा-राण्यांची नावे आहेत. होबर्नचा ‘प्रिन्सेस लुईझ’ मात्र व्हिक्टोरियन थाटाचा: १८९१ ची सजावट, कोरीव काचा, रंगीत फरश्या आणि एकाच काउंटरभोवती लाकडी आडोशांनी पाडलेले कप्पे. वेगवेगळ्या थरांतले लोक शेजारी बसूनही एकमेकांच्या नजरेस पडू नयेत, अशी ती रचना आहे. एकच पब पाहायला वेळ असेल तर हाच पाहावा.

पबमध्ये सहसा टेबलापाशी कोणी येत नाही. बारपाशी जाऊन मागायचे, तिथेच पैसे द्यायचे. बिअरचे माप पाइंट, म्हणजे ५६८ मिलिलिटर. अर्धा पाइंटही मिळतो. मित्रमंडळींत प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांसाठी आणायचे, आणि आपली पाळी चुकवणे वाईट दिसते. बंद होण्याआधी घंटा वाजते.

स्ट्रँडवरचे ट्वायनिंग्जचे दुकान बोळासारखे अरुंद आहे. टॉमस ट्वायनिंग यांनी १७०६ मध्ये इथले कॉफीगृह घेतले आणि चहा विकायला सुरुवात केली. त्या काळी चहावर जबर कर होता आणि चोरटा चहा सर्रास विकला जाई. टॉमस यांचे नातू रिचर्ड ट्वायनिंग यांनी सरकारकडे बाजू मांडली, आणि १७८४ मध्ये कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आला. १७८७ च्या दारावर सोनेरी सिंह आणि बसलेल्या दोन चिनी पुरुषांचे पुतळे आहेत. भारतीय वाचकाने तिथे क्षणभर थांबावे: आसामचा चहा लंडनच्या लिलावात पोचला तो १८३९ मध्ये, हे दार त्याआधीचे, चहा चीनहून येई तेव्हाचे आहे.

कॉफीगृहे आणि पब पुरुषांचे. एकट्या बाईला संकोच न करता बसता येईल अशी जागा दिली ती टी-शॉपांनी, म्हणजे चहा आणि साधे खाणे मिळणाऱ्या दुकानांनी. ‘एरेटेड ब्रेड कंपनी’ने १८६४ मध्ये सुरुवात केली, १८९४ मध्ये पिकाडिली या रस्त्यावर ‘लायन्स’ कंपनीचे पहिले दुकान निघाले. पांढऱ्या-सोनेरी पाट्यांची ती दुकाने शहरभर पसरली. टंकलेखिका आणि कारकून तिथे दुपारचे जेवत. लायन्सचा हिशेब इतका वाढला की कंपनीने स्वतःचा संगणक बांधला; १९५१ मध्ये ‘लिओ’ कामाला लागला, व्यापारी कामासाठीचा जगातला पहिला. १९८१ पर्यंत लायन्सची सारी टी-शॉप बंद झाली. हॉटेलांतला महागडा ‘आफ्टरनून टी’, म्हणजे खाण्यासह दुपारचा चहा, अजून मिळतो; ती साधी, स्वस्त टेबले मात्र गेली.