वास न येणारं रेझिन जास्त फसवतं

रिमोटवर चालणाऱ्या बोटीची बॉडी फायबरमध्ये करायची ठरवली की रेझिनचे, म्हणजे फायबरला जोडून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाचे, पर्याय दोन: स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन किंवा महागडं इपॉक्सी. पॉलिएस्टरचा डबा उघडला की घरभर वास सुटतो आणि आपली रवानगी गच्चीवर होते. इपॉक्सीला वास जवळपास नसतोच, म्हणून ते बिनदिक्कत अभ्यासाच्या टेबलावर येतं. धोका किती, हे आपण नाकाला विचारतो आणि तिथेच गफलत होते.

पॉलिएस्टरचा वास स्टायरीनचा. रेझिनमध्ये ते साधारण तीस ते पंचेचाळीस टक्के असतं. ते रेझिन पातळ ठेवतं आणि घट्ट होताना त्यातल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडतं. थर्मोकोलही स्टायरीनपासूनच बनतं. त्यामुळे रिमोटच्या विमानाच्या थर्मोकोलच्या पंखावर पॉलिएस्टर फासलं, तर डोळ्यांदेखत खड्डे पडतात आणि चिकट लगदा उरतो. तिथे इपॉक्सीच हवं. स्टायरीनच्या वाफेने डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. २०१८ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. शिवाय साधारण ३१ अंश सेल्सिअसला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी गच्चीवर पारा त्याच्या वरच असतो. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

फायबरच्या दुकानात पॉलिएस्टर रेझिनबरोबर दोन बाटल्या मिळतात: जांभळा कोबाल्ट आणि रेझिन घट्ट करणारा, पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. हा हार्डनर म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड. कोबाल्ट त्याचं विघटन घडवतो. रेझिनमध्ये हे बेताने होतं, पण दोन्ही थेट एकमेकांत पडले तर आग लागते, स्फोटही होतो. म्हणून आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यायचा, मगच हार्डनर घालायचा, तोही एक-दोन टक्के. दोघांना एकच सिरिंज वापरायची नाही. काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला असतो, तेव्हा दुकानदाराला विचारून घ्या. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. नंबरचा चष्मा इथे पुरत नाही, बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा. थेंब उडालाच तर आरशात बघत बसू नका. निदान पंधरा मिनिटं डोळा वाहत्या पाण्याखाली धरा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

इपॉक्सीचा त्रास असा धडाक्यात येत नाही. त्यातले छोटे रेणू त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. रोगप्रतिकार यंत्रणा ही जोडगोळी परकी समजते आणि लक्षात ठेवते. पहिले काही महिने, कधी काही वर्षंही, काहीच होत नाही. मग एकदा मनगटावर खाज, पुरळ, पापण्यांना सूज. हे सगळं काम झाल्यावर एक-दोन दिवसांनी येत असल्याने संशय नव्या साबणावर जातो. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. मग एवढासा थेंबही पुरतो आणि छंद सोडावा लागतो. रेझिन आर्टच्या किटवर ‘नॉन-टॉक्सिक’ असं ठसठशीत छापलेलं असतं. ते घट्ट झालेल्या वस्तूबद्दल असेल तर ठीक, बाटलीतल्या द्रवाबद्दल मी तरी ते मानणार नाही.

हातात नायट्राइलचे मोजे घाला आणि चिकट झाले की लगेच बदला. हाताला लागलेलं रेझिन थिनर किंवा ॲसिटोनने पुसायची सवय वर्कशॉपमध्ये सर्रास दिसते. तीच सगळ्यांत वाईट, कारण पातळ झालेलं रेझिन त्वचेत आणखी सहज उतरतं. कोरड्या कागदाने टिपून साबण-पाण्याने धुवा.

इपॉक्सीत हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही. इथे हार्डनरचे रेणू रेझिनच्या रेणूंशी ठरलेल्या प्रमाणातच जुळतात; जास्तीचे तसेच चिकट राहतात आणि त्वचेला छळतात. मिश्रण वजनकाट्यावर मोजा. कपभर मिश्रण तसंच ठेवलं तर प्रक्रियेची उष्णता आत कोंडते, तापमान शंभर अंशांपलीकडे जातं, कप वितळतो, धूर निघतो. म्हणून थोडं थोडं कालवून पसरट ट्रेमध्ये ओतायचं. उरलेलं पूर्ण गार झाल्याशिवाय कचऱ्याच्या डब्यात नको.

दुसऱ्या दिवशी बॉडी टणक लागते आणि घासायला हात शिवशिवतात. पण आतली प्रक्रिया बरेचदा आठवडाभर चालू असते, आणि तोवरच्या धुळीत ॲलर्जी आणणारे रेणू शिल्लक असतात. त्यामुळे आठवडा थांबा, मग वॉटर पेपर घेऊन पाणी मारत घासा. एन-९५ मास्क इथे मात्र कामाला येतो.