पीएलसीतलं रहाटगाडगं

रबाळे एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलाने परवा मला विचारलं, "सर, माझ्या मोबाईलमध्ये १२८ जीबी आहे. मग मोबाईलपेक्षा महाग अशा या पीएलसीत फक्त १०० केबी? ही लूट नाही का?"

हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. पीएलसी म्हणजे पंप, व्हॉल्व्ह, हीटर यांना हुकूम देणारा, पॅनेलमधला छोटा डबा. १९६८ मध्ये अमेरिकेत डिक मॉर्ली यांनी त्याची कल्पना मांडली. कारखान्यांतलं रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि वायरिंगचं जंगल त्यांना हटवायचं होतं, माहितीचं कोठार बांधायचं नव्हतं. इनपुट वाचायचे, प्रोग्रॅम चालवायचा, आउटपुट बदलायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या फेरीला स्कॅन म्हणतात आणि ती काही मिलिसेकंदांत संपते. लांबलीच, तर वॉचडॉग फॉल्ट येतो, म्हणजे फेरीवर पहारा ठेवणारं घड्याळ पीएलसी थांबवतं. सीमेन्सच्या एस७-१२०० या पीएलसीत ही मुदत मुळात १५० मिलिसेकंदांची असते.

आता हिशोब करू. २० ठिकाणची तापमानं, प्रत्येकी ४ बाइट, आणि वेळेची नोंद ८ बाइट. एक नोंद ८८ बाइटांची झाली. दर सेकंदाला एक साठवली, तर १०० केबी वीस मिनिटांच्या आत संपतात.

त्या कारखान्यात दहा सेकंदांना एक नोंद होत होती. तरीही दर दोन तासांनी पीएलसी बंद पडायचा. कुणीतरी पॅनेलच्या दाराला लिंबू-मिरची बांधली होती. दसऱ्याला यंत्राला फूल वाहायला माझी ना नाही, पण बिघाडाचं कारण लिंबात शोधू लागलो की प्रोग्रॅम उघडून बघायचं राहून जातं. मी उघडला. नवी नोंद पहिल्या जागी ठेवण्यासाठी आधीच्या सगळ्या नोंदी एकेक घर पुढे सरकवल्या जात होत्या. सातशेच्या आसपास नोंदी झाल्या की सरकवण्यातच १५० मिलिसेकंद उलटायचे. रीस्टार्ट केलं की यादी रिकामी, म्हणून पुन्हा दोन तास सुरळीत!

यावरचा उपाय मला फार आवडतो, तो म्हणजे रिंग बफर. विहिरीवरचा रहाट आठवा. ५०० गाडगी आहेत, शून्य ते ४९९ क्रमांकांची. नोंदी जागच्या हलत नाहीत, हलतो फक्त 'पुढचं गाडगं कोणतं' हे सांगणारा आकडा. ४९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो, जसे घड्याळात अकरानंतर तीन तासांनी चौदा नाही, दोन वाजतात. नोंदी दहा असोत वा चारशे, लिहायला वेळ तेवढाच लागतो.

दुसरा आकडा वाचणाऱ्याचा, म्हणजे कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरचा. तो मागून येत एकेक गाडगं रिकामं करतो. खरी गंमत इथे आहे. दोन्ही आकडे सारखे झाले, तर रहाट पूर्ण रिकामा की पूर्ण भरलेला? नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. म्हणून एक गाडगं कायम रिकामं ठेवायचं. आकडे सारखे असले तर रिकामा. लिहिणारा वाचणाऱ्याच्या एक घर मागे आला तर भरलेला. पाचशेत ४९९ नोंदी मावतात, पण संदिग्धता उरत नाही. आणि क्रमही पाळायचा: आधी गाडगं भरायचं, मगच आकडा पुढे न्यायचा. उलट केलं, तर वाचणाऱ्याच्या हाती अर्धवट भरलेलं गाडगं लागतं: तापमान आत्ताचं आणि वेळ मागच्या फेरीची.

मेमरी कार्डवर का लिहू नये, असंही विचारतात. लिहावं, पण जपून. फ्लॅश मेमरीची चांगल्या जातीची पेशी साधारण एक लाख वेळा पुसून लिहिता येते. त्याच जागी दर सेकंदाला लिहिलं, तर लाख सेकंद म्हणजे जेमतेम २८ तास. कार्डातला कंट्रोलर ही झीज वाटून घेतो, तरी मर्यादा राहतेच. 'इंडस्ट्री ४.०'च्या, म्हणजे कारखान्यातली यंत्रं नेटवर्कला जोडण्याच्या, जाहिराती याबद्दल बोलत नाहीत. वर्षांचा साठा सर्व्हरवरच हवा. पीएलसीने तो नेटवर्क तुटल्याच्या काळापुरताच सांभाळायचा.

दहा सेकंदांना एक या हिशोबाने ४९९ नोंदी म्हणजे ८३ मिनिटं. तेवढ्यात केबल जोडली गेली नाही, तर आमचा प्रोग्रॅम नवी नोंद सोडून देतो. मात्र किती सोडल्या याची मोजणी वेगळी ठेवतो आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत दाखवतो. पण तिथवर वेळ येऊ नये, म्हणून ३६० गाडगी भरली की, म्हणजे तासाभरातच, हूटर वाजतो.